अठरावं लागलं की: लायसन्स, तालमी आणि रात्रीची परतीची वाट

जुलै लागला की आमच्या नाट्यमंडळात नवी पोरं येतात, आणि ऑडिशनच्याही आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तालीम किती वाजता सुटते?" प्रश्न तालमीचा नसतोच. रात्री घरी जायचं कसं, हे विचारायचं असतं. कोणाचा वाढदिवस डिसेंबरात असतो, कोणाकडे स्कूटर असते पण लायसन्स नसतं, आणि कोणाकडे दोन्ही असून आई चावी देत नाही. दरवर्षी तेच तेच तोंडी सांगून कंटाळले, म्हणून यंदा लिहूनच काढते आहे. उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण मी पुण्यात शिकले, पुण्यातच पडले आणि पुण्यातच पुन्हा उठून चालवायला लागले. नियम मात्र महाराष्ट्रात कुठेही असाल तरी हेच.

सगळ्याच्या आधी एक सांगते. कुठल्याही कार्यक्रमाला जायचं ठरवताना परतीचं आधी ठरवा. जायला दहा जण तयार असतात. यायला कोणी नसतं.

वय: इथे पळवाट नाही

"सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं" हे अर्धं खरं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांची सोय आहे, पण ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आणि पालकांच्या लेखी संमतीने. ती सोय लूना आणि सनीच्या जमान्यात कामाची होती. आमच्या आईने सनीवर अख्खं कॉलेज केलं. आज घराघरांत दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, त्यामुळे सोळाच्या लायसन्सवर त्या चालवता येत नाहीत. गिअर नाही म्हणजे "लहान गाडी" असं कायदा मानत नाही.

अठराच्या आत पकडलं गेलं तर नुसती पावती फाडून सुटका होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि ज्या मुलाने चालवली त्याला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सहा महिने थांबायचा कंटाळा केला म्हणून सात वर्षं बसने फिरायचं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला, तेव्हा पुण्यातल्या बऱ्याच घरांत चाव्या कपाटात गेल्या. काही महिन्यांनी हळूच बाहेर आल्या, तो भाग वेगळा.

मधल्या काळात काय? ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी, २५० वॉटच्या आतली छोटी इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याच्या नजरेत मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबर प्लेट लागत नाही आणि लायसन्सही. फक्त दुकानदार "बिनलायसन्सची" म्हणून जे विकतो ते खरंच तसं आहे का, हे कागदावर बघून घ्या. वेग वाढवून दिलेली गाडी ही बिनलायसन्सची गाडी राहत नाही. नाहीतर पीएमपीचा पास आहे, मेट्रोत विद्यार्थी पासावर ३० टक्के सवलत आहे, आणि मंडई स्टेशनवरून सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर चालत गाठता येतं.

लर्निंग: घरी बसून होतं

अठरावा वाढदिवस झाला की परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार वापरून लर्निंगची परीक्षा घरूनच देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो, मग कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न सोडवायचे. पास व्हायला साठ टक्के लागतात. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर बहुतेकांच्या बाबतीत बाबांचा असतो. म्हणजे बाबा ऑफिसात असताना दुपारी परीक्षेला बसू नका. आमच्या एका पोराने ओटीपीसाठी बाबांना सात फोन केले, बाबा मीटिंगमध्ये.

फी थोडी असते, शे-दोनशेच्या घरातली. एजंट हजार-दीड हजार घेऊन हेच करतो आणि वर तुमचा आधार स्वतःकडे ठेवतो. माझ्या मते लर्निंगला एजंट लावणं म्हणजे भेळ खायला चमच्यासोबत माणूस भाड्याने घेणं.

अर्जात एक जागा जपून भरा. दुचाकीचे दोन प्रकार असतात, गिअरची आणि बिनगिअरची. बिनगिअरचं लायसन्स काढलंत तर उद्या मित्राची बाइक चालवता येणार नाही. गिअरचं काढलंत तर स्कूटरही चालते. पुढेमागे बाइक चालवणार असाल तर आत्ताच गिअरचं घ्या, आणि घरी चारचाकी असेल तर तीही त्याच अर्जात टाका.

लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी हा हिशोब सुट्ट्यांशी जुळवावा. दिवाळीत घरी गेलात की लर्निंग, संक्रांतीला गेलात की पक्कं. मधले दोन महिने सराव पुण्यात करा, लर्निंग सगळीकडे चालतं. आणि "एल" लावायचा. पांढऱ्यावर लाल, पुढे आणि मागे दोन्हीकडे. लाज वाटते म्हणून बरीच मुलं लावत नाहीत. मला उलटा अनुभव आला: मागे "एल" असला की रिक्षावालेसुद्धा जरा लांबून जातात. सोबत लायसन्सवालं माणूस हवं, आणि दुचाकीवर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला मागे बसवायचं नाही. मैत्रिणीला डेक्कनला सोडणं लर्निंगवर बसत नाही.

पहिले आठ दिवस

रविवारी सकाळी साडेसहाचं मैदान. दुपारी पोरं क्रिकेटला येतात आणि संध्याकाळी बघे.

पहिल्या दिवशी गाडी चालू करायची नाही. नुसती ढकलायची. वळवायची, मागे घ्यायची, मेन स्टँडवर चढवायची. स्टँडवर गाडी हाताने उचलून चढत नाही. उजवा पाय स्टँडच्या दांडीवर ठेवून सगळं वजन त्या पायावर टाकायचं, हात फक्त दिशा देतात. हे एकदा जमलं की गाडी जड वाटायची थांबते. तिचं वजन कुठे झुकतं हे अंगाला कळेपर्यंत रेस पिळण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिकाऊ पोरं पडतात ती याच जागी. स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो आणि रेसही उजव्या हातातच. माणूस घाबरला की मूठ आवळतो. मूठ आवळताना मनगट फिरतं, रेस पिळली जाते, आणि थांबायला बघणारी गाडी पुढे उडी मारते. मग अजून घाबरायचं, अजून आवळायचं. माझ्या धाकट्या भावाने अशीच आमच्या सोसायटीची तुळस पाडली, कट्ट्यासकट. उपाय साधा आहे. चालवताना उजव्या हाताची दोन बोटं कायम ब्रेकच्या दांडीवर हलकी ठेवायची आणि मूठ उरलेल्या दोन बोटांनी धरायची. ब्रेक दाबायच्या आधी रेस सोडायची, मोठ्याने म्हणत: "सोड, दाब." मैदानावर पन्नास वेळा म्हटलंत की रस्त्यावर म्हणावं लागत नाही. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुतेक जोडब्रेक असतो, डावा दाबला की पुढचंही चाक थोडं धरतं. त्यामुळे डावा आधी, उजवा पाठोपाठ हळू. घरची गाडी जुनी असेल तर तेवढं लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून सगळा वेळ हळू चालवण्यात घालवा. जोरात गाडी कोणीही चालवतं, चाक फिरत असलं की ती आपोआप उभी राहते. चालण्याच्या वेगाने, पाय न टेकता, दोन विटांमधून आठ काढणं ही खरी परीक्षा. त्यासाठी रेस थोडी धरून ठेवायची, मागचा ब्रेक किंचित दाबलेला ठेवायचा, आणि नजर चाकाकडे नाही, पुढच्या विटेपलीकडे. नजर जिथे, गाडी तिथे. हे मला पटत नव्हतं. मग मी खड्ड्याकडे बघत बघत सरळ खड्ड्यात गेले.

गिअरची गाडी असेल तर या सगळ्यात क्लच वाढतो. क्लच सोडताना गाडी थरथरते ती जागा ओळखा, तिथे हात थांबवा. बाकी सवयीने येतं. चारचाकीचं मात्र घरच्यांकडून शिकू नका असं माझं मत आहे. बापलेकाचं भांडण पहिल्या चढावर होतं. मोटार ट्रेनिंगवाल्याकडे पंधरा-वीस दिवस जा, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो.

रस्ता

रस्त्यावरच्या काही गोष्टी परीक्षेच्या पुस्तकात नाहीत. बसच्या डावीकडून कधी घुसू नका, माणूस उतरतो तो तिथेच. रिक्षावाल्याचा पाय बाहेर आला की तोच इंडिकेटर समजायचा. पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण उन्हाळाभर सांडलेलं ऑइल वर येतं, आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं व रंगवलेले पट्टे ओले असताना त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही. मी पडले ती वळणावरच्या खडीवर. बांधकामाची खडी, वेग जेमतेम वीस. गुडघा फुटला, हेल्मेटला ओरखडा आला आणि डोक्याला काही नाही.

हेल्मेटवर पुण्यात वाद घालायचा असेल तर म्हाताऱ्यांना घालू द्या. आयएसआय मार्क बघून घ्या आणि पट्टा हनुवटीखाली लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे टोपी. मागे बसणाऱ्यालाही लागतं.

पार्किंगचं: पेठांमध्ये पी-वन आणि पी-टूच्या पाट्या असतात. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. प्रयोगाला जाताना तारीख बघायची सवय लावा, नाहीतर नाटक संपल्यावर गाडीच्या जागी खडूने लिहिलेलं काहीतरी सापडतं. आणि सिग्नलला झेब्राच्या अलीकडे थांबा. ई-चलन गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर जातं, वेळ, जागा आणि फोटोसकट. मी लायब्ररीत आहे असं घरी सांगितलं होतं. बाबांच्या मोबाइलवर अलका चौकातला माझा फोटो आला, पाठीला नाटकाची तलवार.

पक्कं लायसन्स

अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्या, सकाळची. स्वतःची गाडी न्या, तिचे आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहेत का ते आदल्या रात्री बघा. परीक्षेच्या रांगेत पीयूसी संपलेली सापडणारा एक तरी असतोच. दुचाकीला आठ काढायला लावतात, पाय टेकला की नापास. मी पहिल्यांदा टेकला. कारण सांगू? आदल्या दिवसापर्यंत मी घरच्या जुन्या गाडीवर सराव केला आणि परीक्षेला मावशीची नवी कोरी नेली. ज्या गाडीवर हात बसलाय तीच न्या. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, आभाळ कोसळत नाही. चारचाकीत चढावर थांबवून मागे न घसरता पुढे काढणं आणि रिव्हर्स, या दोनच गोष्टींवर लोक अडकतात.

कार्ड पोस्टाने घरी येतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, मोबाइलची बॅटरी असेल तर.

कार्यक्रमांत शिरायचं कसं

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिल्या वर्षाला पुण्यात आलात तर ऑगस्टच्या सुमारास कानावर येणारं पहिलं नाव पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात होते. फेब्रुवारीकडे फिरोदिया करंडक, तिथे नाटकाबरोबर गाणं, नाच, चित्र, शिल्प सगळं एकाच सादरीकरणात गुंफावं लागतं. मुंबईत ऑगस्टात झेवियर्सचं मल्हार, डिसेंबरात आयआयटीचं मूड इंडिगो. बाहेरगावच्या फेस्टला आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि कॉलेजचं आयकार्ड जवळ ठेवा, गेटवर त्याशिवाय उभं करत नाहीत.

नवख्याने आधी प्रेक्षक म्हणून जावं. पुरुषोत्तमला पडदा उघडायच्या आधी जो "आव्वाज कुणाचा" चालतो तो एकदा ऐकल्याशिवाय पुण्यातलं कॉलेज कळत नाही. घसा बसेपर्यंत ओरडा, पण तिसरी घंटा झाली की गप्प. दुसऱ्या कॉलेजच्या नाटकात मोबाइल वाजला तर तो तुमच्या कॉलेजच्या नावावर लिहिला जातो, वर्षभर. ही स्पर्धा लाडाने घेणारी नाही हेही लक्षात असू द्या: २०२२ मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि त्यांनी करंडक कोणालाच दिला नाही. तेव्हा कट्ट्यांवर जे वाद झाले, त्यात निम्मे लोक आपलं नाटक सोडून दुसरं न बघितलेले होते.

ऑडिशनला निवड झाली नाही तर बॅकस्टेजला नाव द्या. खरं तर आधी तिथेच द्या. लाइट कोण धरतं, ब्लॅकमध्ये, म्हणजे स्टेजवर अंधार केल्यावर, खुर्ची कोण हलवतं, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, पेटीची यादी कोणाकडे असते, हे कळलेला माणूस दुसऱ्या वर्षी स्टेजवर गोंधळत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात अटेंडन्सचं बघा. पंचाहत्तर टक्क्यांची भानगड मार्चमध्ये समोर येते, सरांची सही मात्र ऑगस्टातच मिळते. तालमीच्या तारखांचं पत्र तेव्हाच घ्या आणि फोटो काढून ठेवा.

स्कूटरवर नेपथ्य न्यायचं नाही. आमच्या आधीच्या बॅचने प्लायवूडचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली भिंत, आडवा धरून दोघांत नेला होता, पुलावर वारा लागला आणि त्याचं शीड झालं. छोटा हत्ती भाड्याने घ्या, पैसे सगळ्यांत वाटले की प्रत्येकी एका मिसळीएवढे पडतात.

सुटल्यावर

तालीम संपायची वेळ दिग्दर्शक सांगेल त्यात पाऊण तास मिळवा आणि ती वेळ घरी सांगा. "येतेच आहे" हे वाक्य घरात चालत नाही, दहा चाळीस चालतं. आमच्याकडे एक पद्धत आहे. दुपारीच फळ्यावर लिहायचं: कोणाकडे गाडी, कोणाकडे लायसन्स, कोण कुठल्या बाजूचं, आणि कोणाकडे जादा हेल्मेट. सिंहगड रोड, कोथरूड, हडपसर असे गट पडतात. मागे बसणाऱ्याने पेट्रोलची कॉन्ट्री न मागता द्यायची. ट्रिपल सीट नाही, "फक्त चौकापर्यंत" सुद्धा नाही. प्रत्येक जण घरी पोचल्यावर ग्रुपवर "पोचलो" टाकतो, आणि शेवटचा "पोचलो" येईपर्यंत त्या दिवशीचा बॅकस्टेजप्रमुख झोपत नाही. एकदा तो मेसेज साडेबारापर्यंत आला नव्हता. पोरगा घरी जाऊन जेवून झोपला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा त्याच्याकडून.

चालवणाऱ्याने घेतलेली असेल तर त्याच्या मागे बसायचं नाही, भले तो सिनिअर असो. पण आमच्या अनुभवात दारूपेक्षा झोपेचा त्रास जास्त. प्रयोगाच्या आदल्या दोन रात्री जागलेला माणूस सिग्नलला उभ्या उभ्या डुलक्या घेतो. त्याच्याकडून चावी मागून घ्या, तो भांडेल, द्या त्याला भांडू. काही झालंच तर अॅम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, तसं कायद्यातच लिहिलं आहे, तेव्हा थांबायला घाबरू नका.

आणि डिकी. रेनकोट, सीट पुसायला फडकं, पाण्याची बाटली आणि मागच्यासाठी हेल्मेट मावत नसेल तर ते हुकाला. नाटकवाल्यांच्या डिकीत यात काळी चिकटपट्टी, सेफ्टी पिना आणि सुतळी वाढते. माझ्यात अजून एक खोटी मिशी आहे, कुठल्या नाटकातली ते आता आठवत नाही. मागे एकदा सिग्नलला मामांनी कागद मागितले तेव्हा इन्शुरन्सबरोबर तीही त्यांच्या हातात गेली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, कागद बघितले, आणि विचारलं, "प्रयोग कधी आहे?"